आधाराचा रकाना

भेळेचा तिसरा घास तोंडात घातला आणि चमच्यावर मला माझंच अक्षर दिसलं.

चमचा म्हणजे जाड कागदाचा तुकडा. रंकाळ्यावरचे भेळवाले तेव्हा भेळ खायला असाच तुकडा देत, एखाद्या खोक्याचा नाहीतर वहीच्या पुठ्ठ्याचा. या तुकड्यावर निळ्या शाईत 'गेस' हा इंग्रजी शब्द होता, त्याखाली 'अटकळ बांधणे', आणि त्याखाली चिंचेची चटणी.

"काय गं, मिरची लागली?" मावशीने विचारलं.

"मावशी, तुझा चमचा बघू."

"अगं, उष्टा आहे तो."

मी तो तिच्या हातातून ओढूनच घेतला. त्यावर 'गटर' होतं. तेही माझ्याच अक्षरात. मावशी गेली पाच मिनिटं गटारीनं भेळ खात होती, पण मला हसू आलं नाही.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या वखारीच्या माडीवर 'व्यवहारकोश मंडळ' नावाच्या कचेरीत सहायक होते. आम्ही इंग्रजी-मराठी शब्दकोश करत होतो. एकेका शब्दाची अर्ध्या पोस्टकार्डाएवढी पत्रिका असे. वर शब्द, मग मराठी अर्थ, मग तो वापरून दाखवणारं एक इंग्रजी वाक्य, आणि सगळ्यात खाली आधाराचा रकाना. हे वाक्य कुणी म्हटलं, कुठे छापलं, ते त्यात लिहायचं. आमचे संपादक मगदूम सर या रकान्याबाबत फार कडक. "कोशात मनानं बनवलेलं वाक्य म्हणजे दुधात पाणी," असं ते म्हणत. आधार नसलेली पत्रिका ते तशीच परत करत.

पत्रिका ठेवायला कपाटं नव्हती. चपलांच्या दुकानातून मागून आणलेले खोके होते. माझ्या टेबलावर त्या महिन्यात 'जी' अक्षराचा शेवटचा खोका होता. त्यात चारशे बारा पत्रिका होत्या. दुसरी प्रत नव्हती.

तो खोका रंकाळ्यावर कसा पोचला, हे मला भेळेच्या गाड्यापाशी उभ्या उभ्याच कळलं. तीन दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. त्या दिवशी सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री पुजतो, तशी आम्ही दौत, टाक आणि खोके पुजायचो. सर कामाला पुण्याला गेले होते. शिपाई केरबा झेंडूची फुलं आणायला बाहेर पडला होता. मी माझ्या कामाच्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं, जरा सढळ हातानं वाहिलं. तेवढ्यात रद्दीवाला आला. छापून झालेल्या जुन्या पत्रिकांचे तीन खोके त्याला द्यायचे होते, त्यांच्या झाकणांवर लाल पेन्सिलीची फुली होती. मी समई लावत होते. मान वर न करता म्हणाले, "लाल खुणेचे घेऊन जा."

"चार हैत न्हवं?" त्यानं विचारलं.

मी तिरक्या नजरेनं पाहिलं. चार लाल खुणा दिसल्या. म्हटलं, "हो, चार."

पूजा केली तोच खोका मी माझ्या हातानं रद्दीत घातला होता. आणि दसऱ्याची सुट्टी मध्ये आल्यानं तीन दिवस मला त्याचा पत्ताही नव्हता.

शनिवारी सकाळी केरबा कचेरी झाडत असताना मी त्याला सगळं सांगितलं. केरबा लोहार तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. अकरा वर्षं मंडळात रोजंदारीवर होता. खाडा झाला की पगार बुडायचा, म्हणून अकरा वर्षांत त्याला कधी साधा तापही आला नव्हता. "कायम झालो की पयल्यांदा आठ दिस आजारी पडणार हाय मी," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. "सर कवा येणार?"

"सोमवारी. आल्या आल्या हा खोका तपासून छापखान्यात द्यायचाय."

"आनि रंकाळ्यावर गर्दी उद्या. ऐतवार. उद्या सांच्यापातूर न्हाई गावली तर सगळी भेळंत जात्यात."

"मी मंडळाच्या लेटरहेडवर भेळवाल्यांना विनंतीपत्र लिहिते," मी म्हणाले. मी एम.ए. होते. मला तेवढंच सुचलं.

केरबानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे. "बाई, भेळवाला त्या लेटरहेडाचा बी चमचाच करील."

तो गेला आणि तासाभरानं परतला. रद्दीवाल्यानं चारही खोके पाच भेळवाल्यांना वाटून विकले होते. केरबानं गाड्यांपाशी एक चक्कर मारली होती, पण मागितलं काहीच नव्हतं. "मागितलं की त्यास्नी वाटंल, कायतरी मोलाचं हाय. मग दडवत्यात. आपण मागायचंच न्हाई. आपण द्यायचं."

"काय द्यायचं?"

खालच्या गल्लीत आमचा कोश छापणारा छापखाना होता. तिथं नवरीचं नाव चुकलेल्या पाचसहाशे लग्नपत्रिका धूळ खात पडल्या होत्या. जाड, गुळगुळीत, कडेला सोनेरी रेघ. केरबानं त्या मागून आणल्या. मला युक्ती कळली आणि मी उत्साहानं गठ्ठा सोडायला लागले, तर त्यानं हात आडवा केला.

"थांबा की. गणपती हाय वर."

"मग?"

"देवाला तोंडात कोण घालंल? गिऱ्हाईक चमचा बघंल आनि भेळवाल्याच्या आईचा उद्धार करंल."

छापखान्याच्या कटिंग मशीनवर त्यानं प्रत्येक पत्रिकेचा वरचा भाग कापला, उरलेल्याचे भेळेच्या मापाचे चार चार तुकडे केले. गणपतीच्या पट्ट्या वेगळ्या बांधून कपाळाला लावल्या आणि पिशवीत ठेवल्या. मग आम्ही रंकाळ्यावर गेलो.

मी लांब कठड्यापाशी उभी राहिले. केरबा पहिल्या गाड्यावर गेला, भेळ मागितली, चमचा हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय ओ मालक, असली लिबलिबीत पानं देताय व्हय? निम्मी भेळ खाली. आमच्या छापखान्यात बगा कसला माल निघतोय." त्यानं पिशवीतून नवा तुकडा काढला, त्याच्यासमोर वाकवून दाखवला. "ही ठेवा, ती टाका हिकडं. मला शेगडी पेटवायला हुतील."

भेळवाल्यानं आपणहून जुना गठ्ठा त्याच्या पिशवीत ओतला. वर केरबाकडून भेळेचे पैसे घेतले नाहीत. पाचपैकी चार गाड्यांवर हेच झालं. पाचवा जरा चौकस होता, त्याला केरबानं गठ्ठा मोजून एकाला दोन दिले.

वापरून फेकलेल्या आमच्या पत्रिकांसाठी त्यानं वेगळा मार्ग काढला. त्याची मेहुणी नगरपालिकेत झाडूकामाला होती. रविवारी पहाटे तिनं आणि तिच्या जोडीदारणींनी रंकाळ्याचा काठ झाडताना लिहिलेली पानं बाजूला काढली. वेगवेगळ्या खोक्यांतला माल एकत्र झाला होता, म्हणून कुठलं पान आपलं हे ओळखायला मी केरबाला 'जी' अक्षर शिकवलं. त्यानं ते बोटानं गिरवून पाहिलं. "कोयत्याला मूठ बसवल्यागत हाय," म्हणाला, आणि मग त्याचं एकही पान चुकलं नाही.

रविवारभर आम्ही दोघं कचेरीच्या गच्चीवर होतो. चटणीच्या पत्रिकांवर केरबा गव्हाचा कोंडा चोळायचा, तेल ओढलं गेलं की फडक्यानं झटकायचा. मी क्रम लावत होते. संध्याकाळी मोजल्या तर तीनशे पासष्ट भरल्या. सत्तेचाळीस गेल्या त्या गेल्या. त्यातल्या शेहेचाळीस मी पुन्हा लिहिल्या. सहा वर्षं तेच करत होते, वाक्यं आणि आधार मला पाठ होते.

एक राहिली. 'गम्प्शन'.

या शब्दानं मला आधीपासूनच छळलं होतं. मी त्याचा अर्थ 'व्यवहारचातुर्य' असा दिला होता आणि महिनाभरापूर्वी सरांनी त्यावर काट मारली होती. "चातुर्य डोक्यात असतं, हेर्लेकरबाई. हा शब्द हातापायांत असतो. 'त्याला गम्प्शन आहे' असं इंग्रज कधी म्हणतो, ते शोधा." मी 'हिकमत' लिहिलं, 'प्रसंगावधान' लिहिलं. सर नाही म्हणाले. शेवटी कुठल्या जुन्या साप्ताहिकातलं एक वाक्य मिळालं होतं, ते आता कुणाच्या तरी भेळेबरोबर गेलं होतं आणि काही केल्या मला आठवेना. मी वरती शब्द लिहिला, खाली कोरं ठेवलं.

सोमवारी सर आले. टोपी खुंटीला अडकवली, खोका पुढे ओढला आणि झाकण काढल्याबरोबर नाक वर केलं.

"चिंच," सर म्हणाले. मग एक पत्रिका नाकाशी नेली. "आणि कांदा."

मी उभी होते. शुक्रवारपासून मी हे उत्तर जुळवत होते. 'सर, माझ्याकडून चूक झाली, खोका रद्दीत गेला होता, पण बहुतेक मिळालं.' तीन वाक्यं. मनात इतक्या वेळा म्हटली होती की रात्री झोपेत सुद्धा म्हणाले असेन. पण माझं कंत्राट मार्चला संपत होतं. बाबा अंथरुणाला खिळलेले होते, आणि मंडळ नवं कंत्राट सरांच्या एका ओळीवर द्यायचं. मी टेबलावरची लेखणी उचलून हातात धरली.

"कोणाचा हा पराक्रम?" सरांनी विचारलं.

"माझ्या हातनं झालं, सर," दारातून केरबा म्हणाला. "खंडेनवमीला रद्दी मीच दिली. चुकून ह्यो खोका बी गेला. परत आणलाय समदा."

मी केरबाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. सरांनी त्याला खूप बोलून घेतलं. सहा वर्षांचं काम, चपलेएवढी अक्कल, असं बरंच काही. केरबा मान खाली घालून ऐकत राहिला. मी तिथंच उभी होते, हातात लेखणी होती, आणि मी काही बोलले नाही. हे असं सरळ लिहिणं आता सोपं आहे.

दुपारी जिन्यात मी त्याला गाठलं. "केरबा, असं का केलंत?"

"मग काय करायचं? तुमच्या तोंडातनं शब्द निघंना." तो हसला. "मला काय, वरडत्यात आनि इसरत्यात. तुमास्नी काढलं तर कोशाचं काय? मी हाय की बिनपगारी बोलणी खायला."

त्यानं हिशेब बरोबर मांडला होता. फक्त त्यातली एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. ती त्याच संध्याकाळी सरांनी मला सांगितली. टपालावर सह्या करता करता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात गुरुवारी मंडळाची बैठक आहे. केरबाला कायम करायची शिफारस लिहून ठेवली होती. आता नाही ठेवत पुढे. ज्याला खोका ओळखता येत नाही त्याला काय कायम करायचं?" आणि मग, "ती 'गम्प्शन'ची कोरी पत्रिका बैठकीच्या आत भरून द्या. आधारासकट."

मी 'बरं' म्हणाले.

पुढचे दिवस मी शोधत राहिले. म्हणजे वाक्य शोधत होते, असं दाखवत होते. जुनी साप्ताहिकं उलटली, कॉलेजच्या वाचनालयात गेले. केरबा रोज चहा आणून द्यायचा आणि रोज विचारायचा, "गावलं का वाक्य?" मी नाही म्हणायचे. एकदा म्हणाला, "एवढा अवघड हाय व्हय शब्द?" एक दिवस त्याला ताप होता. डोळे लाल झाले होते, तरी तो आला आणि दोन मजले पाण्याच्या घागरी चढवल्या. मी म्हटलं, "घरी जा." तो म्हणाला, "कायम झाल्यावर." ते ऐकून मला स्वतःची इतकी चीड आली की मी तो चहा तसाच गच्चीच्या पन्हाळीत ओतला.

बैठकीच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी ती पत्रिका भरली. अर्थाच्या जागी लिहिलं, 'वेळेला काय करायचं ते ओळखण्याची अक्कल आणि ते करण्याची धमक'. वाक्य इंग्रजीत लिहिलं. त्याचा अर्थ असा होता: काय करायला हवं ते तिला कळत होतं, पण ते करण्याचं गम्प्शन तिच्यात नव्हतं, ते शिपायात होतं. आणि आधाराच्या रकान्यात लिहिलं: स्वतः. खंडेनवमीची रद्दी.

सरांच्या टेबलावर पत्रिका ठेवली आणि उभी राहिले. त्यांनी वाचली. खालचा रकाना दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"हे मला तोंडानं सांगता आलं असतं."

"हो, सर."

"मग आता तोंडानं सांगा. केरबाला बोलवा, त्याच्यासमोर सांगा."

केरबा आला. मी सांगितलं. लाल फुली, कुंकू, चार खोके, 'हो, चार'. रद्दीवाला आला तेव्हा केरबा कचेरीत नव्हताच, हेही सांगितलं. केरबा माझ्यावरच वैतागला.

"कशाला सांगितलासा, बाई? मिटलं हुतं की!"

"काही मिटलं नव्हतं," सर म्हणाले. मग त्यांनी त्याला विचारलं, "पत्रिका परत कशा आणल्यास?" केरबानं लग्नपत्रिका, गणपती, कोंडा, मेहुणी, सगळं सांगितलं. गणपतीपाशी सर मोठ्यानं हसले. मी सहा वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसणं संपल्यावर त्यांनी खणातून एक कागद काढून बैठकीच्या फायलीत घातला. मग माझ्याकडे वळले.

"पत्रिका स्वीकारली. पण हेर्लेकरबाई, मार्चनंतरचं मी सांगू शकत नाही. चूक कुणाच्याही हातून होते. मधले दिवस तुमचे स्वतःचे होते."

गुरुवारी केरबा कायम झाला. मार्चमध्ये माझं कंत्राट संपलं आणि ते पुन्हा झालं नाही. मी सरांना दोष दिला नाही. थोडा दिला, पण तो पुढे उतरला. गडहिंग्लजला शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. बाबांना तिकडेच नेलं.

सात वर्षांनी, एका शनिवारी शाळा सुटताना फाटकात केरबा उभा दिसला. केस पांढरे झालेले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जाडजूड पुस्तक.

"एश्टीनं आलो," म्हणाला. "सरांनी धाडलंय. कोशाचा दुसरा भाग. म्हणाले, टपालानं न्हाई, तू सोता नेऊन दे."

आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, "काय केरबा, पडलात का आठ दिवस आजारी?"

"कुटलं ओ! रजा हाय तर आजारच येईना."

पुस्तकात खूण घातलेली होती. सोनेरी गणपतीची पट्टी. त्या पानावर 'गम्प्शन' होतं. माझाच अर्थ, शब्द न शब्द. खाली माझं वाक्य, एक अक्षर न बदलता. कोशात आधार छापत नाहीत, त्यामुळे ते कुणाचं हे कुणालाच कळणार नव्हतं. पण त्याखाली आणखी एक वाक्य होतं, जे मी लिहिलं नव्हतं. मी ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

"काय लिवलंय?" केरबानं विचारलं. "सरांनी मला सांगितलं न्हाई. म्हणाले, बाई सांगतील."

मी मराठीत सांगितलं. "लिहिलंय, 'शेवटी तिला गम्प्शन आलं, पण त्याला नऊ दिवस लागले.'"

केरबानं पान आपल्याकडे ओढलं. बोटानं 'जी' शोधून त्यावर बोट ठेवलं आणि मनाशी काहीतरी मोजलं. मोजून झाल्यावर त्याचा चेहरा नाराज झाला.

"चुकलंय सरांचं," तो म्हणाला. "आठ. मदला ऐतवार कशाला धरला? हापिस बंद हुतं."